न उघडलेल्या छत्रीची तारीख

पत्राचा सारांश, ओळख पटेल असे तपशील काढून:

वाई तालुक्यातला २७ वर्षांचा तरुण पाचगणीत टँडम पॅराग्लायडिंगचा, म्हणजे पॅसेंजरला पुढ्यात बसवून उडायचा, पायलट आहे. धंदा आतेभावाचा. पायलट होण्याच्या शिक्षणाचे पैसे त्यानेच भरले, बहिणीच्या लग्नात मंडपापासून मानपानापर्यंत तोच उभा राहिला. गणपती झाल्यावर सिझनसाठी किट बाहेर काढताना रिझर्व्ह पॅराशूटचं, म्हणजे ग्लायडर बिघडलं तर हाताने फेकायच्या दुसऱ्या छत्रीचं, कार्ड हाती लागलं. शेवटचा रिपॅक, म्हणजे छत्री उघडून परत बांधणं, मार्च २०१९ चा. तेव्हापासून सात पावसाळे किट लँडिंगजवळच्या पत्र्याच्या खोलीत आहे. विचारल्यावर आतेभाऊ म्हणाला, "आठ वर्सं झाली धंद्याला, एकदा तरी वढायला लागला का? मग नवाच हाय की त्यो." विमानातून उड्या मारणारे स्कायडायव्हर रिझर्व्ह दर सहा महिन्यांनी उघडून नव्याने बांधून घेतात, असं या तरुणाने मोबाइलवर पाहिलं. त्यावर उत्तर मिळालं, "त्यांचं वेगळं, आपलं वेगळं." तो लिहितो: "ताई, दादाचं मीठ खाल्लंय. खंडेनवमीला तो किटची पूजा करतो, हार घालतो, तेव्हा मी असं काही बोललो तर सिझनच्या तोंडावर अपशकुन केला म्हणतील. नाही बोललो तर पुढ्यात बसलेल्या माणसाच्या मानेकडे बघत उडायचं. काय करू?"

एका ओळीचं उत्तर आधी देते. त्या रिझर्व्हवर पॅसेंजर बसवू नकोस. एकही नको, ओळखीतला फुकटचा तर अजिबात नको. बाकीचं सावकाश बोलू. सिझनला अजून दिवस आहेत, आणि तुझं खरं कोडं दादाचं आहे हे पत्रावरून दिसतंच. पण दादाशी बोलायचं तर रिझर्व्हबद्दल तोंडात काहीतरी पक्कं हवं. "मोबाइलवर पाहिलं" एवढ्यावर आतेभाऊ ऐकत नसतात.

मी स्वतः पाचगणीच्या टेबललँड पठाराच्या कडेपासून दहा पावलं मागे उभी राहून कणीस खाणारी बाई. म्हणून लिहायच्या आधी दोघांना गाठलं. एक माझी भाची, जी पाचगणीला आणि कामशेतला उडते. दुसरे माझे थोरले दीर, सैन्यातून निवृत्त झालेले, आग्र्याला पाच उड्या पुऱ्या करून छातीवर पंख लावून घेतलेले छत्रीधारी. दोघांना तुझं पत्र वाचून दाखवलं. भाची "२०१९?" एवढंच म्हणाली. दीर जरा वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी विचारलं, "सही कुणाची आहे?"

सहीचं पुढे सांगते. आधी भाचीने मला गेल्या वर्षी जे दाखवलं ते.

सिझनच्या आधी काही पायलटांनी मिळून एका मंगल कार्यालयाचा हॉल घेतला होता, रिझर्व्ह उघडून परत बांधायला. स्टेजवर आदल्या लग्नाची थर्मोकोलची अक्षरं तशीच होती. हॉलच्या तुळईला दोर बांधून त्यावर एक हार्नेस, म्हणजे पायलट उडताना ज्यात बसतो ती पट्ट्यांची बैठक, टांगलेला. त्यात एकेकाने बसायचं, शिकवणारा आवाज देईल तेव्हा डोळ्यांनी हँडल शोधायचं, धरायचं, ओढायचं, फेकायचं. पहिल्या दोघांचं झालं. तिसरा तुझ्याच वयाचा मुलगा. त्याने हँडल ओढलं, पिना सुटल्या, आणि पिशवी जागची हलेना. पुन्हा ओढलं. वेलक्रो वर्षानुवर्षं दाबून बसलेलं, ते टर्रर्र करत अर्धं सुटलं आणि थांबलं. शिकवणारा मोठ्याने सेकंद मोजत होता. एक, दोन, तीन. मुलाने दोन्ही हात घातले, तेव्हा कुठे सहाव्याला पिशवी बाहेर आली. हॉलमध्ये कुणी हसलं नाही.

सहा सेकंद म्हणजे किती ते तुला कळतं, मी वाचकांसाठी सांगते. गिरकीत घुसलेलं ग्लायडर सेकंदाला १५ मीटरने सहज खाली येतं. सहा सेकंदांत ९० मीटर. मजल्यांत मोजायचं तर तीस मजले होतात, साताऱ्यात तेवढी इमारत मिळायची नाही.

मग त्या मुलाची पिशवी जमिनीवर उघडली. दोऱ्या ज्या रबरांत अडकवलेल्या असतात ती रबरं उन्हात विसरलेल्या चिंगमसारखी झाली होती. एक ओढलं तर तुटलं, दुसरं दोरीलाच चिकटून आलं. आणि कापड? कापड पिशवीतून निघालं ते खरवसाच्या वडीसारखं. चारी कोपरे शाबूत, जमिनीवर ठेवलं तरी घडीच्या आकारातच बसलेलं. नाकाला पावसाळ्यात मिटून ठेवलेल्या छत्रीचा वास. हेही कधी वापरलेलं नव्हतं. दादाच्या हिशेबाने नवंच.

"वापरलं नाही म्हणजे नवं" हा हिशेब आपण सगळेच करतो, म्हणून दादाला मी एकट्याला बोल लावणार नाही. माझ्या आजेसासूबाईंची पैठणी वीस वर्षं ट्रंकेत होती. कुणी नेसलं नाही, डाग नाही, जर झळझळीत. माझ्या जावेने हौसेने काढली आणि घडीवर बोटभर उभी चिरली. नायलॉन रेशमासारखं चिरत नाही हे खरं. पण दाबून, दमट हवेत, महिनोन्महिने एकाच घडीत राहिलं की थरांना थर धरून बसतात. महाबळेश्वरला वर्षाला साधारण साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पाचगणीला तेवढा नसला तरी जूनपासून सप्टेंबरपर्यंत धुकं घरात शिरून गाद्या ओल्या करतं, हे तुला मी सांगायला नको. त्यात पत्र्याची खोली. दिवसा ऊन पडलं की तापते, रात्री पत्र्याला आतून पाणी सुटतं. सात पावसाळे. त्या रिझर्व्हने सात पावसाळे काम केलंय असंच समज, फक्त हवेत नाही.

आता दादाचं दुसरं वाक्य, "त्यांचं वेगळं, आपलं वेगळं." यात दादा बरोबर आहे. मात्र तो ज्या बाजूला समजतो त्याच्या बरोबर उलट बाजूला.

स्कायडायव्हर पाठीवर एकच पिशवी घेतो, तिच्यात दोन छत्र्या. खालच्या कप्प्यात मुख्य, वरच्यात रिझर्व्ह. मुख्य छत्री तो स्वतः गालिच्यावर बसून बांधतो, गप्पा मारत, दहा-पंधरा मिनिटांत. रिझर्व्हला मात्र तो हात लावत नाही. ती बांधायला परवानाधारक माणूस लागतो, त्याला रिगर म्हणतात. तो बांधून झाल्यावर पिनेला बारीक लाल दोरा गुंडाळून त्यावर शिशाचं सील मारतो आणि कार्डवर तारीख घालून सही करतो. अमेरिकेत या सहीची मुदत १८० दिवसांची आहे. २००८ पर्यंत ती १२० दिवसच होती. मुदत संपली की उडी नाही, मग रिझर्व्हला कुणी हात लावलेला असो वा नसो. "लागला का कधी?" हा प्रश्न तिथे कुणी विचारतच नाही.

मुख्य छत्री बिघडली तर ती अंगावरून सोडून द्यायची सोय खांद्यावरच्या तीन कड्यांत असते. एकात एक अडकवलेल्या तीन कड्या, उजव्या बाजूचं हँडल ओढलं की सुटतात. बिल बूथ नावाच्या अमेरिकन माणसाची ही करामत. पुष्कळांच्या पिशवीत आणखी एक पट्टी असते. मुख्य छत्री सुटून जाता जाता रिझर्व्हची पिन तीच ओढते. आणि त्यावरही एक डबी असते, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, हवेच्या दाबावरून उंची ओळखणारी. जमिनीपासून साधारण २२५ मीटरवर माणूस अजून सेकंदाला ३५ मीटरपेक्षा वेगाने पडत असेल तर तो बेशुद्ध आहे किंवा गोंधळलाय असं समजून ती रिझर्व्हचा बंद कापते. जर्मनीतल्या हेल्मुट क्लोथ यांनी १९९१ मध्ये ही सायप्रेस नावाची डबी बाजारात आणली आणि तिने कित्येक घरांतले दिवे विझू दिले नाहीत.

म्हणजे बघ. स्कायडायव्हरला ताशी १९० किलोमीटरचा वारा मिळतो. छत्री जरा चिकटलेली असली तरी तो वारा तिला उपसून काढतो. हात चुकला तर पट्टी आहे. पट्टी चुकली तर डबी आहे. तुझ्याकडे यातलं काय आहे? तुझा रिझर्व्ह हाताने फेकायचा. तो कमी वेगाच्या हवेत, कमी उंचीवर, स्वतःच्या हलकेपणावर उघडला पाहिजे. वर तुझी बिघडलेली विंग, म्हणजे ग्लायडरचं डोक्यावरचं कापड, अंगावरून सुटून जात नाही, ती तिथेच फडफडत राहते आणि रिझर्व्हशी भांडते. तिला तू हाताने ओढून निकामी करायची. पुढ्यात घाबरलेला पॅसेंजर, त्याची कोपरं तुझ्या हँडलच्या वाटेत. मग नव्याने बांधलेली छत्री कुणाला जास्त हवी? त्यांना सहा महिन्यांत उघडावीशी वाटते, तर आपल्याला निदान तेवढ्यातच वाटायला हवी. पॅराग्लायडिंगचे रिझर्व्ह बनवणाऱ्या बहुतेक कंपन्याही पुस्तिकेत सहा महिने ते वर्ष असंच लिहितात, आणि दहा-बारा वर्षांनी तो रिझर्व्ह बाजूला ठेवा म्हणतात. पुस्तिका दादाकडे असेल. शोध, बहुधा पावतीपुस्तकांच्या खाली निघेल.

या सगळ्या काळजीचं फळ काय? अमेरिकेत २०२३ मध्ये स्कायडायव्हिंगच्या साधारण ३६ लाख ५० हजार उड्या झाल्या आणि १० माणसं गेली. तिकडच्या जुन्या जाणत्यांना विचारलं तर ते सांगतील की दोन्ही छत्र्यांनी दगा दिला अशी गोष्ट फार विरळा. बरेच अपघात व्यवस्थित उघडलेल्या छत्रीखाली होतात, उतरताना केलेल्या चुकांमुळे. रिझर्व्ह भरवशाचा असतो तो असा, कुणीतरी दर सहा महिन्यांनी त्याच्यावर संशय घेतो म्हणून. आपल्या पुण्याच्या शीतल महाजनांनी २०१८ मध्ये थायलंडमध्ये नऊवारी नेसून विमानातून उडी मारली, फोटो सगळ्यांनी पाहिले. कौतुक नऊवारीचं झालं, व्हायलाच हवं. पण त्या खेळात पाठीवरची दुसरी छत्री नऊवारीसाठीही घरी ठेवत नाहीत.

त्याच बिल बूथचं एक निरीक्षण आहे. साधनं जितकी सुरक्षित होत जातात, तितका माणूस जास्त धाडस करतो आणि अपघात होते तेवढेच राहतात. हे तुझ्यासाठी सांगतेय, दादासाठी नाही. गेल्या तीन सिझनमध्ये वारा जरा वाढलेला असताना, "रिझर्व्ह आहे की" असं मनात म्हणून तू टेक ऑफ केलंस का? एकदा तरी? केलं असशील तर जे खरं तर नव्हतं त्याच्या भरवशावर केलंस. हे टोचून बोलायचं म्हणून बोलत नाही. रिपॅक झाल्यावरही हा प्रश्न जवळ ठेव.

आता दादा.

तू लिहितोस, मीठ खाल्लंय. खाल्लंय, आणि ते विसरू नये. पण फेड कुणाच्या खिशातून करतोयस ते बघ. तुझ्या शिक्षणाचे पैसे दादाने भरले; त्याची परतफेड इस्लामपूरहून आलेली नवी नवरी किंवा कोल्हापूरचा कॉलेजातला पोरगा का करेल? त्याला तर कार्ड काय असतं हेही माहीत नाही. दादावरचं प्रेम तू मोकळ्या हाताने दाखव. पहाटे उठून गाडी धू, हिशेब लिही, त्याच्या पोरांना शाळेत सोड. पॅसेंजरचा जीव हा तुझा ऐवज नाही.

आणि दुसरं, तू दोनच वाटा मांडल्यास: गप्प बसायचं किंवा दादाला दुखवायचं. तिसरी वाट फार साधी आहे. चूक काढायची नाही, काम काढायचं. "दादा, तू सात वर्षं रिपॅक केला नाहीस" आणि "दादा, सिझनच्या आधी सगळे रिझर्व्ह रिपॅक करून घेऊ, मी चार दिवस त्याच्या मागे लागतो, तू फक्त हो म्हण" या दोन वाक्यांत मजकूर एकच आहे. पहिल्याने दादा चिडेल, दुसऱ्याने कदाचित फक्त कुरकुरेल. बोलताना वहिनी समोर असतील असं बघ. मी अनेक घरांत पाहिलंय, धंद्यातला धोका पहिल्यांदा घरातल्या बाईला कळतो आणि पैशाची पिशवीही तीच सोडते. चारचौघांत, टपरीवर, बाकीच्या पायलटांसमोर हा विषय काढू नकोस. तिथे दादाला मागे येता येणार नाही.

तो खर्चाचं बोलेल. रिपॅकचा खर्च म्हणजे नव्या रिझर्व्हचा खर्च नव्हे, हे शांतपणे सांग. एका गर्दीच्या रविवारी किती फ्लाइट होतात ते त्यालाच मोजायला लाव. तुझे पैसे घालायची तयारी पहिल्याच वाक्यात दाखवू नकोस. किट त्याचं आहे आणि हा धंद्याचाच खर्च आहे, गाडीच्या टायरसारखा. अगदी अडलंच तर निम्मे दे. माझं मत विचारशील तर मला ते आवडणार नाही, पण जीवापुढे माझ्या आवडीचं काय.

तो फॉर्मचं बोलेल: "सही घेतोच की आपण पॅसेंजरची." त्या कागदाचा आधार त्याला वाटतो तेवढा नाही. हलगर्जीपणाने मृत्यू घडवल्याचं कलम भारतीय न्याय संहितेत १०६ आहे, आणि "स्वतःच्या जबाबदारीवर" असं लिहून घेतलं म्हणून ते टळत नाही. शिवाय हवेत पॅसेंजरसोबत दादा नसतो, तू असतोस. कार्ड तू पाहिलंयस. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, त्यात हवेतले खेळही धरलेत आणि नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे करायची आहे. उद्या कुणी तपासायला आलं तर २०१९ चं कार्ड दाखवायचं की यंदाचं, हा प्रश्न दादाला धंदेवाईक म्हणून समजेल. भीती घालायची म्हणून सांगू नकोस, पण माहीत असू दे.

हो म्हणाला तर पुढचं. अंगणात सतरंजी टाकून, व्हिडिओ बघत स्वतः रिपॅक करू नकोस. ज्याने हे शिकलंय आणि शेकड्याने केलंय त्याच्याकडे जा, आणि तो करत असताना शेजारी बसून शिक. पण पहिलं काम टांगलेल्या हार्नेसमध्ये बसून ओढून बघणं. तुझ्या ग्लोव्हजसकट, पुढे कुणालातरी पॅसेंजर म्हणून बसवून. तो पहिला ओढा तुला जे सांगेल ते कुठलंही कार्ड सांगणार नाही. मग छत्री कोरड्या खोलीत, सावलीत, निदान एक दिवस सैल टांगून ठेवायची. उन्हात कधीच नाही, ऊन नायलॉनचं आयुष्य खातं. रबरं सगळी नवी. परत हार्नेसमध्ये बसवल्यावर पुन्हा एकदा ओढून बघायचं आणि मगच शेवटचं बसवायचं, कारण चांगला बांधलेला रिझर्व्ह चुकीच्या कप्प्यात बसवला तर पिशवी अडकते. तुमचं किट दुसऱ्याकडून घेतलेलं असेल तर हे दुप्पट लागू.

छत्रीवर शिवलेलं लेबल नीट वाच. बनवल्याचं वर्ष, आणि किती किलोपर्यंत. तू ७० चा, पॅसेंजर ९० चा, ग्लायडर-हार्नेस-हेल्मेट मिळून २० च्या वर. १८० गेले. एकट्याचा रिझर्व्ह टँडमला लावलेला निघाला तर रिपॅकचा विषयच संपला, तो बदलायचा. युरोपच्या ईएन १२४९१ या चाचणीत पास झालेला रिझर्व्ह पूर्ण वजनावर सेकंदाला साडेपाच मीटरपेक्षा वेगाने खाली यायला नको. साडेपाच म्हणजे पाच फुटांच्या ओट्यावरून उडी मारल्यागत. तेही दोन माणसांची, दगडांवर. जास्त वजनाला हा ओटा उंच होत जातो. म्हणून पॅसेंजरला टेक ऑफच्या आधी पाय जुळवून गुडघे वाकवून उतरायचं आणि लोळायचं, हे अर्ध्या मिनिटात करून दाखवत जा. हसतील. हसू दे.

आणि पत्र्याची खोली सोड. किट गावात, कोरड्या खोलीत, जमिनीपासून वर ठेव. उंदीर, रॉकेल, इन्व्हर्टरची बॅटरी यांच्या जवळ नको.

आता दिरांची सही. त्यांच्या काळी मोठी छत्री पाठीवर आणि रिझर्व्ह छातीवर असायची. बांधणारे वेगळे, उडी मारणारे वेगळे. ते म्हणाले, "विमानात दार उघडलं की आवाजात काही सुचत नाही. पण कुणी बांधलीय ते माहीत असलं की पाय उचलतो." बांधणाऱ्याला कँटीनमध्ये ते चहा पाजायचे, दर उडीनंतर. तुझ्या कार्डवर तारीख आहे, पण सही वाचता येते का? तो माणूस कोण, अजून हे काम करतो का? सही नसेल किंवा कुणी ओळखत नसेल, तर मार्च २०१९ हीदेखील ऐकीव गोष्टच. दादाला ही गोष्ट सांग, आकड्यांपेक्षा जास्त पटेल. आपल्या जिल्ह्यात घरटी एक फौजी. दादाच्या घरातही कुणीतरी असेलच.

आणि दादा नाहीच म्हणाला तर? मग उडू नकोस. हे मी मोकळेपणाने लिहितेय कारण पगार माझा जाणार नाही, हे मला कळतं. पण तू लायसन्स घेतलेला, तीन सिझन काढलेला पायलट आहेस. पाचगणीत आणि कामशेतला रिझर्व्हच्या तारखा काटेकोर पाळणारे लोक आहेत आणि त्यांना तुझ्यासारखा प्रश्न विचारणारा पायलट हवाच असतो. जायच्या आधी दादाला एवढंच सांग की रिपॅक झाला त्या दिवशी मी परत येतो. भांडून जाऊ नकोस. घरात गणपती एकत्र बसवता, पुढच्या वर्षीही बसवायचाय.

तुझ्या पत्राच्या आगेमागे सांगलीहून एका वडिलांचंही पत्र आलंय, मुलगी परदेशात स्कायडायव्हिंगचा कोर्स करणार आहे म्हणून. त्यांनाही दोन उत्तरं. मुलीला "जाऊ नको" म्हणण्यापेक्षा तिला तीन गोष्टींचे फोटो मागा: रिझर्व्हच्या कार्डवरची तारीख आणि सही, सीलचा लाल दोरा, आणि त्या डबीवरचं मुदतीचं वर्ष. तिला ते फोटो काढता आले याचा अर्थ तिला कुठे बघायचं ते शिकवलंय. आणि वापरलेलं किट स्वस्तात मिळतंय म्हणाली तर रिगरने उघडून बघेपर्यंत पैसे पाठवू नका. ज्यांना पाचगणीत नुसतं पॅसेंजर म्हणून बसायचंय, त्यांनी एकच विचारायचं: "रिझर्व्ह शेवटचा कधी पॅक केला?" चांगला पायलट तारीख सांगतो, बहुतेक वेळा कार्डही दाखवतो. कुणी वसकन अंगावर आला तर पैसे खिशात ठेवून मक्याचं कणीस घ्यावं. माझ्या शेजारी जागा असते.

खंडेनवमीला अजून अवकाश आहे. तोवर रिपॅक होऊ शकतो, त्यामुळे अपशकुनाचं मनातून काढ. पूजेला किट मांडताना नवं कार्ड वर ठेव, दादालाच त्यावर हळदकुंकू लावू दे. फक्त हार हँडलपासून लांब घाल. झेंडूच्या पाकळ्या फ्लॅपखाली पिनांच्या फटीत शिरतात, भाचीने गेल्या वर्षी चिमट्याने एकेक काढल्या होत्या.